शकू, तुझी बोटीची गोष्ट

शकू, परवा तुझ्या तेरवीला बोटीची गोष्ट निघाली. निघणारच होती. जेवणं आटोपली होती, जुनवानीच्या तुझ्या घरी पुढच्या खोलीत आपल्या महिला मंडळातल्या बाया सतरंजीवर बसल्या होत्या, कोणी सुपारी कातरत होतं. रडून थकलेल्या माणसांना काहीतरी हलकं हवं असतं, तसं सगळ्यांचं झालं होतं. मग कोणीतरी म्हणालं, शकूबाईनं बोट उलटवली होती, आठवते का? झालं सुरू. तू कशी मध्येच उभी राहिलीस, मासा मासा म्हणून कशी ओरडलीस, अध्यक्षबाईंना घेऊन कशी पाण्यात पडलीस, डोक्यावर शेवाळ घेऊन कशी वर आलीस. एकीनं सांगितलं, दुसरीनं दुरुस्त केलं, तिसरीनं परत पहिल्यापासून धरलं. भाऊजीसुद्धा डोळे पुसता पुसता हसले.

मी तुझ्या वंदनाकडे बघत होते. दाराजवळ पाण्याचा जग हातात घेऊन उभी होती. चेहरा असा पडला तिचा की मला पुढचं ऐकू येईना. जग तिथंच खाली ठेवून ती मागच्या अंगणात निघून गेली.

आता तूच सांग, मी काय करायचं होतं? ती गोष्ट खोटी आहे हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक. खरी सांगायची तर माझी लाज चारचौघींत उघडी पडणार, आणि त्या चारचौघींत माझी सूनही बसलेली. वर तू मला बजावून ठेवलेलं, तोंड उघडायचं नाही. मी माझ्या ताटातला बर्फीचा तुकडा मोडत बसले.

आपली ओळख झाली ती आवळीपायी. मी लग्न होऊन वर्ध्याकडून इकडे भिलाईला आले तेव्हा कारखान्याच्या टाउनशिपमधली झाडं आपल्यासारखीच होती, बाहेरून आणून रांगेत लावलेली. गुलमोहर होते, अशोक होते, पण कार्तिकात आवळीखाली जेवायचं तर आवळी कुठे? मंडळाच्या बायांना तर भिलाईत येऊनही आवळीभोजन सोडवत नव्हतं. कोणीतरी सांगितलं की टाउनशिपच्या टोकाला मोठा तलाव आहे, टँक म्हणतात त्याला, त्याच्याजवळ बाग करताहेत, तिथं जुनं रान आहे, असेल एखादी. बघून यायला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांची मुंडकी खाली गेली. तू तेव्हा चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहणारी, मंडळात नवीनच आलेली. तू म्हणालीस, मी जाते, आणि बोट केलंस माझ्याकडे. का माझ्याकडे, हे मी तुला कधी विचारलंच नाही.

तू सकाळच्या पॅसेंजरनं पावर हाउस स्टेशनला उतरलीस आणि तिथून आपण रिक्षानं टँकवर गेलो. केवढं ते पाणी. मी काठाशी उभी राहून नुसतं बघत होते आणि तू चप्पल हातात घेऊन पाण्यात उतरलीससुद्धा. मला म्हणालीस की तुझ्या भंडाऱ्याकडच्या गावात याच्याहून मोठा तलाव आहे, लहानपणी तू शिंगाडे काढायला डोंग्यातून जायचीस, उभ्यानं बांबू मारत. तुझ्या आजीनं चोप दिला तरी जायचीस. हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस आणि नंतर कोणालाच सांगितलं नाहीस, हे किती वर्षांनी माझ्या ध्यानात आलं.

रस्ता असा नव्हताच. जिथं तिथं बेशरमची झुडपं माजलेली, आणि त्यातून गुरांनी पाडलेल्या वाटा, त्यातल्या अर्ध्या चिखलात जाऊन संपायच्या. आपण दोनदा चुकलो. शेवटी गवत कापणाऱ्या एका बाईला तू आवळी विचारलीस, तर तिनं विळ्यानंच दाखवलं, "ओ पार हे दीदी, मेड़े मेड़ चले जावव." बांधाबांधानं गेलो तर खरंच होती. फळांनी लगडलेली, आणि खाली मस्त सावली. तू बुंध्याला हात लावून नमस्कार केलास आणि लगेच पदरात आवळे भरायला लागलीस.

परतताना बागेच्या फाटकावर चौकीदार भेटला. तू त्याला विचारलंस, बायामाणसांना आणायचं आहे, इथं काय काय सोय आहे. त्यानं बोटांवर मोजून सांगितलं, झूला आहे, बोटिंग आहे, कँटीन होणार आहे, फव्वारा होणार आहे. तू विचारलंस, और लेडीज के लिए? तो म्हणाला, झूला है ना. मग तू सरळ विचारलंस, बाथरूम कुठे आहे. तो दुसरीकडे बघत म्हणाला की ते नाही, पण एवढं जंगल पडलं आहे. मी लाजेनं अर्धी झाले होते. तुझा पदर ओढत होते मागून. तू माझ्यावरच डाफरलीस.

"लाज त्याले वाटाले पायजे. तुले कावून वाटून राहिली?"

पण वाटते. बाईच्या जातीला ती आईच्या दुधातूनच पाजतात वाटतं. आपल्या आवळीभोजनाची रीत तुला आठवते ना? उपास कोणाचाच नसायचा, जेवायला तर जायचो, पण पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. चहा अर्धा कप, तोही जड मनानं. पोरींना सुद्धा आया सांगायच्या, आज टँकवर जायचं आहे, पाणी पिऊ नको. कोणी कारण बोलायचं नाही. नव्या आलेल्या सुनांना ते व्रतातलंच काही वाटायचं. आवळीची पूजा करायची, वडाभात खायचा, सांबारवडी खायची, तिखटानं नाकातून पाणी यायचं, आणि पाण्याची कळशी भरलेली तशीच परत न्यायची. एकटी तू काय ती गटागटा प्यायचीस आणि बिनधास्त झुडपांमागे जाऊन यायचीस. बाया नाकं मुरडायच्या. खोटं कशाला बोलू, मीही मुरडायची.

ते बोटीचं झालं त्या वर्षी माझी धाकटी होऊन काही महिने झाले होते. बाळंतपणानंतर माझं शरीर माझ्या ताब्यात नव्हतं, खोकला आला तरी जीव मुठीत धरावा लागे. हे मी नवऱ्याला नाही सांगितलं, आईला नाही सांगितलं, तुलाही नाही. पाणी प्यायले नव्हते, पण ठेचा एवढा झोंबला की मठ्ठ्याचे दोन पेले पोटात गेले. आणि नेमकी अध्यक्षबाईंनी मला हाक मारली की चला सुमनबाई, बोटीत माझ्याजवळ बसा. त्यांचे यजमान आमच्या यांचे साहेब. नाही म्हणायची सोय नव्हती. तू आपली आनंदानं बोटीत चढून माझ्या समोर बसली होतीस. हात पाण्यात सोडला होतास.

टँकच्या मध्यावर वारं सुटलं आणि मला कळलं की आता काही खरं नाही. मी पाय आवळून बसले. देवाचं नाव घेत होते. कोणीतरी चौकीदारावरून काहीतरी विनोद केला, सगळ्या हसल्या, मलाही हसू आलं, आणि झालं. शकू, ते अजून लिहिताना माझे कान तापतात. अंगावर फिकी आकाशी साडी. आधी गरम लागलं, मग वाऱ्यानं गार पडलं. घाट जवळ येत होता. घाटावर सगळं मंडळ उभं, काही जणींचे नवरेसुद्धा घ्यायला आलेले, त्यात आमचेही हे. बोट लागली की मला उठावं लागणार, पायऱ्या चढाव्या लागणार, आणि सगळ्यांना माझी पाठ दिसणार. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या फळीवर बसून कळलं.

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. मग खाली बघितलंस. मग परत तोंडाकडे. बस. घाटाची पायरी हाताच्या अंतरावर आली आणि तू "अगं बाई, मासा!" म्हणून उभी राहिलीस, माझा दंड धरलास आणि पाय बरोबर बोटीच्या कडेवर दिलास. वल्हवणारा ओरडला तोपर्यंत तू, मी आणि अध्यक्षबाई कमरेएवढ्या पाण्यात. बोटीत राहिलेल्याही चिंब. काठावर आधी हलकल्लोळ, मग हशा. अध्यक्षबाई तुला काय काय बोलल्या, वेंधळी म्हणाल्या, अडाणी म्हणाल्या, आणि तू डोक्यावरचं शेवाळ ओढत दात काढत होतीस. माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. बघितलं असतं तरी काय, सगळ्याच ओल्या होत्या.

झुडपांमागे आपण साड्या पिळत होतो. मी तुझं नाव घेतलं. तू म्हणालीस, थंडी वाजून राहिली, चहा पाहू कुठं भेटते का. तुझी ती साडी भाऊबीजेची होती, नवी कोरी. चिखलाचे डाग गेलेच नाहीत तिचे.

पुढच्या कार्तिकात बोटीत बसायची वेळ आली तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, शकुंतलाबाई, तुम्ही पिशव्या सांभाळा. सगळ्या हसल्या. तू पण हसलीस, आणि काठावर पिशव्यांत बसलीस. त्यानंतर दर वर्षी तेच. तो मंडळाचा नियमच होऊन बसला, कोणी न केलेला. मी तुझ्याजवळ बसायची. तू बोटींकडे बघत पुटपुटायचीस की हा मेला वल्हं कसं टाकून राहिला, याले कोणी शिकवलं. तुझे हात मांडीवर आपोआप हलायचे. ज्या बाईला उभ्यानं डोंगा चालवता येतो, तिला बोटीत बसायची अक्कल नाही असं सगळं गाव म्हणत होतं आणि मी ऐकत होते. मी तुला एकदा म्हटलं, शकू, तू बस बोटीत, मी सांगते सगळ्यांना. तू म्हणालीस, गप, चाल फिरून येऊ.

त्या फिरण्यातून आपल्याला सगळा टँक पाठ झाला. बांधावरची वाट, अमराईत जाणारी वाट, शिंगाडे लावणाऱ्यांच्या झोपड्यांकडून मागे वळणारी वाट. पुढे बाग मोठी झाली, वाटांना विटा लागल्या, पाट्या लागल्या. नौका विहार, बाल उद्यान, जलपान गृह. तू पाट्यांखाली उभी राहून म्हणायचीस, सगळ्याईले बाण आहे, आपल्यालेच नाही. मग तू त्या चौकीदाराच्या मागे लागलीस, मग त्याच्या साहेबाच्या. लोकांनी तुझी टर उडवली, बोटवाली बाई आता संडास मागते म्हणे. शेवटी एकदाचं बांधलं त्यांनी, आणि त्याला कुलूप लावून चावी चौकीदाराकडे ठेवली. आता चावी मागायला जाणार कोण? तूच. फाटकातून आत शिरल्या शिरल्या खणखणीत आवाजात मागायचीस आणि कमरेला खोचून दिवसभर फिरायचीस. बाया एकेक करून तुझ्याजवळ यायच्या, काही न बोलता. त्या वर्षापासून कळशी रिकामी परत यायला लागली. परवा तुझ्या घरी ही गोष्ट मात्र कोणाला आठवली नाही.

वंदना मोठी होत गेली तसं तिला ते लागायला लागलं. शाळेत पोरी चिडवायच्या. तिच्या लग्नाच्या बैठकीत सुद्धा कोणीतरी गमतीनं बोटीचं काढलंच, आणि तिनं मान खाली घातली. आणि मग तो दिवस, तिच्या पोरीला घेऊन आपण टँकवर गेलो होतो तो. तू नातीला उचलून बोटीकडे निघालीस तर वंदनानं तिला तुझ्या कडेवरून ओढून घेतलं. "आई, तू रहने दे ना," म्हणाली. हळूच म्हणाली, वाईट नव्हतं म्हणायचं तिला. पण तुझे हात तसेच थोडा वेळ पुढे राहिले.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आपलं जुंपलं. मी म्हटलं की आज मी वंदनाला सांगणार, बस झालं. तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं खाली ठेवलंस.

"सांगशील तर पाह्य. मग त्या तुह्याकडे पाह्यतीन अन् त्याईले तेच दिसन. माह्याकडे पाह्यलं का हसू येते. हसू बरं असते. अन् ते आता माही गोष्ट आहे, तुले कावून वापस देऊ?"

मी म्हटलं, लेकीला तरी कळू दे आपली आई कशी आहे. तू म्हणालीस की आई कशी आहे ते काय तिला बोटीवरून कळायचं आहे का. मग लाटणं उचललंस. तो वाद आपण पुढे किती वेळा घातला असेल. दर वेळी तू जिंकायचीस, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. हे तुला कळत होतं का गं? मी वाद घालायची खरी, पण हरायची वाट बघत.

दवाखान्यात शेवटी तुला लघवीची नळी लावली होती, खाटेला पिशवी लटकत होती. मी चादर ओढून ती झाकायला गेले तर तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, आता मले खुशाल बोटीत बसवा. हसायला लागलीस, ठसका लागेपर्यंत. नर्स धावत आली. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते आणि मला तुझा एवढा राग आला होता की काय सांगू. अशी कशी गं तू? सगळं हसण्यावारी नेऊन दुसऱ्याला आयुष्यभर बांधून ठेवायचं. मला धन्यवाद म्हणायलाही जागा ठेवली नाहीस.

तर परवा. मी वंदनाच्या मागे अंगणात गेले. ती नळाखाली भांडी विसळत होती, उगाचच, बाई होती भांड्यांना. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, आई गेली तरी लोकांना बोटच आठवते. आईनं आयुष्यात दुसरं काहीच नाही केलं का?"

मी तिचा ओला हात धरून तिला आत आणलं. सगळ्या अजून हसतच होत्या. अध्यक्षबाई खुर्चीवर होत्या, त्यांना आता खाली बसवत नाही. मला वाटलं होतं की आडून आडून सांगता येईल, प्रकृतीचं काहीतरी म्हणून. पण तुझ्या फोटोसमोर आडून बोलवेना. मी म्हटलं की त्या दिवशी बोटीत मला लघवी झाली होती. शकूनं बघितलं आणि मला पाण्यात पाडलं. तिला बोट चालवता येत होती, तुमच्या त्या वल्हेवाल्याहून चांगली. ती कधीच चुकून पडली नाही.

सुपारी कातरणारीचा अडकित्ता थांबला. माझी सून पदराशी खेळत खाली बघायला लागली. भाऊजी उठून बाहेर गेले. अध्यक्षबाई त्या दिवशी माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले. त्यांना तेव्हाच कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही, आणि विचारायची माझी छाती नाही. कोणी हसलं नाही. मी वाट बघितली, खरंच. तू असतीस तर खो खो हसत सुटली असतीस आणि मग सगळ्यांना हसता आलं असतं. मी तशीच उभी, साठीकडे झुकलेली बाई.

मला वाटलं होतं, वंदना गळ्यात पडेल. मोकळं वाटेल मला. तसं काही झालं नाही. सगळ्या गेल्यावर ती सतरंजीची घडी घालत होती. मी दुसरं टोक धरलं. घडी पुरी झाली तशी तिनं ती माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "आईला बोट चालवता येत होती, आणि मी एकदाही तिच्या बोटीत बसले नाही."

तुला दूषण नव्हतं त्यात, मला सुद्धा नव्हतं. साधंच बोलली. पण माझी अब्रू झाकायला तू जे दिलंस, त्यातलं अर्धं तिच्या वाटचं होतं, शकू, आणि ते आपण दोघींनी तिला न विचारताच देऊन घेऊन टाकलं. मी सतरंजी छातीशी धरून तिच्यासमोर उभी होते, आणि एवढी लाज मला त्या बोटीतही वाटली नव्हती.